कुलूपबंद डब्यातली मासळी

मंडळी, मी मालवणकडची. माझ्या माहेरी प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी बसलेलं असतं... वडाखाली एक, ओढ्यावरच्या साकवावर एक, विहिरीत तर अख्खं कुटुंब. त्या सगळ्यांना हसतच मी मोठी झाले. लग्नानंतर घाटकोपरला आले तेव्हा वाटलं, सुटले बाबा त्यातून. इथे माणसांनाच जागा नाही, भुतांना कोण देणार? त्यामुळे हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतोय. पण जे झालं ते झालं, आणि दिवसाढवळ्या झालं.

घाटकोपर पूर्वेला एका जुन्या तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर आमचा गाळा आहे. मी आणि माझी धाकटी जाऊ सुजाता, दोघी मिळून चालवतो. पुरणपोळ्या, थालीपीठ, उकडीचे मोदक, दुपारचे जेवणाचे डबे. दुकानावर पाटी – शुद्ध शाकाहारी. आजूबाजूला बरीचशी गुजराती आणि जैन वस्ती, कांदा-लसूण नसलेल्या ऑर्डरी पुष्कळ. त्यासाठी भांडीसुद्धा वेगळी ठेवलीत आम्ही.

गाळ्याच्या मागे एक बोळ आहे. एका बाजूला आमची भिंत, दुसऱ्या बाजूला कंपाउंडची उंच भिंत, टोक बंद. पुढे लोखंडी दार, ते रस्त्यावर वॉचमनच्या खुर्चीसमोर उघडतं. आमचे कचऱ्याचे डबे या बोळात. आणि खरं सांगायचं तर सोसायटीशी आमची भांडणं सुरू झाली ती भुतामुळे नाही, या डब्यांमुळे.

पालिकेची गाडी सकाळी येते. आमचा कचरा मात्र होतो दुपारी. भाजीची सालं, केळीची पानं, नारळाच्या करवंट्या... जेवणाची वेळ संपेपर्यंत डबे भरून वाहायचे. कावळे यायचे, मांजरी यायच्या, पहिल्या मजल्यावरून खिडक्या धाडकन बंद व्हायच्या. सोसायटीचे चेअरमन जयेशभाई – साठीचे, कापडाचा व्यापार मुलाच्या हाती देऊन आता पूर्ण वेळ सोसायटी बघणारे – त्यांनी स्वच्छ सांगितलं, "वैशालीबेन, स्वयंपाक तुमचा झकास. पण हा कचरा असाच वाहिला तर कमिटी गाळा खाली करायला सांगेल."

बरोबरच होतं त्यांचं. मी मनावर घेतलं. चाकांचे, झाकणांचे मोठे डबे आणले, ओला वेगळा, सुका वेगळा. करवंट्या गोणीत भरायला लागलो, पानं मोडून दाबून ठेवायला लागलो. ओला कचरा दुपारीच न्यायला बबन म्हणून एक हातगाडीवाला गाठला, तो एका नर्सरीला खतासाठी द्यायचा. झाकणांना कड्या लावून कुलपं घातली, म्हणजे मांजरी उघडणार नाहीत. महिनाभरात बोळ असा झाला की तिथे बसून चहा प्यावा. जयेशभाई स्वतः येऊन बघून गेले. "एकदम टॉप," म्हणाले.

आणि मग एके दिवशी दुपारी बबनने मागच्या दारातून हाक मारली. "ताई, आज बाजार केला वाटतं?"

"कसला बाजार?"

"या ना, बघा."

ओल्याचा डबा, जो सकाळी मी स्वतः पाइप लावून धुतला होता, तो काठोकाठ भरलेला. कोळंबीची सालं, बांगड्यांची मुंडकी, खवलं, कल्ले. ताजं! मी मालवणची आहे, ताजं आणि शिळं मला वासावरून कळतं. आणि मध्ये मध्ये बर्फाचे तुकडे. भर उन्हात, न वितळलेले. सकाळपासूनची आमची भाजीची सालं कुठे गेली, पत्ता नाही. आणि बबनने उघडेपर्यंत कुलूप जसंच्या तसं होतं, चावी त्याला नुकतीच मीच दिली होती.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली. आमच्या गल्लीतल्या मांजरी म्हणजे नुसता दरोडा. त्या भिंतीवर बसून डब्याकडे बघत होत्या आणि एकही खाली उतरत नव्हती.

मी म्हटलं, कोणीतरी खोडसाळपणा करतंय. बबनला ते न्यायला लावलं, डबा धुतला, नवं कुलूप घातलं, चावी कमरेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. या वेळी झाकण वर उचललेलं, कडी ताणलेली आणि फटीतून सुरमईची शेपटी बाहेर. पहिल्या मजल्यावरून कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि टाकला सोसायटीच्या ग्रुपवर. वाट लागली! संध्याकाळपर्यंत ऑर्डरी रद्द. 'आमच्या आईला तुमच्याकडचं जेवण दिलं, तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही?' असा एकीचा मेसेज आला. त्या मेसेजने मात्र मी हलले. त्या आजींचं पथ्याचं जेवण मी स्वतःच्या हाताने करत होते.

कमिटीने बोलावलं. मी गेले. सुजाता म्हणाली, "ताई, शांतपणे बोला हां." शांत कसली राहते!

एक जण म्हणाला, "तुम्ही लोक मासे खाता ना?"

"हो, खाते," मी म्हटलं. "रविवारी घरी सुरमई तळते, बोटं चाटून खाते आणि त्याची मला लाज नाही. पण दुकानाची पाटी मी लावलीय. त्या पाटीखाली मी खोटं करणार नाही. कोणाला वाटत असेल मी करते, तर उद्या दुपारी माझ्या डब्यापाशी येऊन बसा. डबा तुम्ही तपासा. कुलूपही तुमचंच लावा."

जयेशभाई म्हणाले, "मी बसतो."

दुसऱ्या दिवशी जेवणाची गर्दी सुरू व्हायच्या आत ते आले. बरोबर त्यांच्या जुन्या दुकानाचं पितळी कुलूप. डबा आडवा पाडून त्यांनी आत टॉर्च मारला, तळाला हात फिरवला, चाकं पाहिली. डब्याखालची फरशी पायाने ठोकून बघितली. खाली गटार नाही, चेंबर नाही. डबा रिकामा. कुलूप लावलं, चावी शर्टाच्या खिशात. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून आम्ही समोर बसलो. त्या दिवशीची सालं आम्ही आत पिशवीत ठेवत होतो. सुजाता अधूनमधून चहा आणून द्यायची आणि डब्याकडे न बघता परत जायची.

काही होत नव्हतं. जयेशभाई मुलाच्या धंद्याबद्दल बोलत होते. मला मनातून वाटायला लागलं, आज काहीच झालं नाही तर? मग मीच खोटी ठरणार!

तेवढ्यात डबा हलला. किंचित. जड सामान ठेवल्यावर खुर्ची कशी करकरते, तसा आवाज. मग चाकांपाशी पाणी दिसलं. पातळ ओघळ, माझ्या चपलेपर्यंत आला... आणि थंडगार! वर बघते तर झाकण हळूहळू फुगत वर येतंय, जयेशभाईंचं कुलूप कडीत ताठ झालंय. आमच्या दोघांशिवाय बोळात कोणी नाही. भिंतीवर मांजरी, सगळ्या उभ्या.

जयेशभाई उठले. चावी त्यांनीच लावली. झाकण उघडलं आणि कोळंबीची सालं खळकन त्यांच्या पायावर सांडली. ज्या माणसाने जन्मात मासळीला हात लावला नाही, त्याने एक बर्फाचा तुकडा उचलला, तळहातावर धरला, वितळेपर्यंत बघत राहिला.

"बेन," ते म्हणाले, "हे तुम्ही नाही केलं."

सुजाता दारात रडत होती. "ताई, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालूया. नाहीतर डबे दुसरीकडे हलवूया. ऐका माझं."

आणि मंडळी, मला जो राग आला! भीती होती, खोटं कशाला बोलू. पण राग जास्त होता. महिनाभर राबून मी तो बोळ साफ केला होता. माझ्या नावाला काळं फासणार कोणीतरी, आणि वर नारळ मी द्यायचा? मी डब्यासमोर उभी राहिले. एरवी मी मालवणीत फक्त माहेरी बोलते, त्या दिवशी आपोआप तोंडात आलं.

"तू कोण आसस ता माका ठावक नाय," मी ओरडले. "पण ह्यो डबो माझो आसा. तुका टाकूचा असात तर माझ्या समोर येवन टाक! मी हयसून हलूचंय नाय!"

जयेशभाईंना शब्द कळले नसतील, पण ते माझ्या बाजूला येऊन उभे राहिले.

ते लगेच थांबलं असं नाही. पुढच्या दिवशी डबा अर्धा निघाला. मी उपसला, धुतला, तिथेच ठेवला, कुलूप घातलं. मग पाव भाग. मग तळाशी मूठभर खवलं. जणू कोणीतरी नाइलाजाने, कुरकुरत मागे सरकत होतं. मी रोज धुवायचे आणि रोज त्याच फरशीवर डबा उभा करायचे. एका दुपारी उघडला तर आत फक्त आमच्या दुधीची सालं. त्यांच्याकडे बघून मी जी रडले...

सर्वसाधारण सभेत जयेशभाई उभे राहिले. म्हणाले, "तपासलं मी, कुलूप माझं होतं, चावी माझ्या खिशात होती. ती मासळी यांच्या दुकानातली नाही." मागून कोणीतरी हसलं. म्हातारा झाला, असंही कोणी पुटपुटलं. त्यांनी हसणाऱ्याकडे बघून तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जोरात, आणि मग बसले. हळूहळू गिऱ्हाईक परत आलं. ज्या बाईने मेसेज केला होता, ती स्वतः आईचा डबा न्यायला आली. माफी मागितली नाही, पण तिने पुन्हा डबा लावला.

मला आजही काही कळलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा म्हणतात, पूर्वी इथपर्यंत खाडीचं पाणी यायचं. असेल. तसं तर अर्ध्या मुंबईत यायचं, मग सगळ्यांच्या डब्यांत कोळंबी का नाही? खोडसाळपणा म्हणावा तर त्या दुपारी बोळात आम्ही दोघंच होतो. आणि दोन माणसांना एकदम भास होतो म्हणावं, तर जयेशभाईंच्या बायकोला विचारा – त्यांच्या चपलांचा वास कशानेच गेला नाही, शेवटी टाकून द्याव्या लागल्या.

डबा अजून तिथेच आहे. सुजाता त्या बाजूला एकटी जात नाही. मी जाते, रोज दुपारी, आणि उघडायच्या आधी अजूनही झाकणावर एक थाप मारते.