हळदीच्या गाण्याची धुलाई

आमच्या खानदानात आवाजातलं फक्त मला कळतं. हे मी स्वतःच ठरवलेलं आहे, त्यामुळे त्यात वादाला जागा नाही.

म्हणूनच कन्हानला दिलेली माझी ताई त्या रविवारी माझ्याकडे आली. तिच्या लग्नात आईने म्हटलेलं हळदीचं गाणं एका जुन्या कॅसेटवर होतं. ताईने ते दुकानातून मोबाईलवर उतरवून घेतलं, आणि उतरवता उतरवता कॅसेटची पट्टी तुटली. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा आवाज म्हणून जगात उरलं ते एवढंच.

"सुधाकर, माह्या पोरीच्या हळदीले हेच लावाचं आहे मले," ताई म्हणाली. "आईनं यात माहं नाव घेतलं आहे गा. 'चिमाबाई' म्हणते मले. पण आवाज साफ नाही. तुले जमन का?"

"जमन का म्हणजे? तू फक्त पोरीच्या लग्नाचं पाहा!"

आवाज साफ नव्हता, कारण मागे कूलर होता. लग्न ऐन मे महिन्यातलं. टेपरेकॉर्डर तापू नये म्हणून आमच्या बाबांनी तो थेट कूलरपुढे मांडला होता! (नागपूरच्या उन्हात आधी यंत्र वाचवतात, माणसं काय, घाम पुसतात.)

ताई आपला मोबाईलच माझ्याकडे ठेवून गेली आणि मी तो कॉम्प्युटरला जोडून सॉफ्टवेअर शोधायला बसलो. पहिलं उघडलं तर त्यात मोजून पाचसहा बटणं. एवढ्यात आमची आई मावणार होती का? काढून टाकलं. दुसऱ्यात आवाज चक्क रंगीत दिसायचा, लाल-पिवळा, तर्रीच्या वाटीसारखा. भूक लागली म्हणून तेही बंद केलं. तिसरं मात्र खानदानी निघालं! पडदाभर बटणं, बटणांखाली खुंट्या, खुंट्यांखाली नाचणाऱ्या हिरव्या पट्ट्या. मी लगेच तेच घेतलं.

माझी बायको संगीता मागे उभी होती. "अहो, यातलं एक तरी बटन समजते का तुम्हाले?"

"समजाची काय गरज आहे? असले म्हणजे झालं."

"आधी थोड्याशा तुकड्यावर करून पाहा ना."

"तू चहा टाक वं!"

पद्धत सोपी होती. गाण्यातला नुसत्या खरखरीचा एक तुकडा सॉफ्टवेअरला दाखवायचा. मग ते तसला आवाज अख्ख्या गाण्यातून हुडकून काढून टाकतं. आता अडचण अशी, की नागपूरच्या माणसाला कूलर ऐकूच येत नाही. आमचे कान त्या घरघरीतच वाढले. कूलर बंद पडला तरच आम्ही दचकून जागे होतो! तरीही मी कान टवकारून ऐकलं आणि एका जागी मला संथ, लांबलचक 'हूंऽऽऽ' सापडलं. हाच तो कूलर! तुकडा दाखवला, बटण दाबलं. 'मोबाईलमधल्या मूळ गाण्यातच बदल कायम ठेवायचे?' असं विचारलं, तर मी रुबाबात 'हो' म्हटलं आणि सगळं बंद करून जेवायला बसलो.

संध्याकाळी ताई आणि भाऊजी गाणं ऐकायला हजर. मी मोठा स्पीकर जोडला आणि जाहीर केलं, "आता आयका!"

कूलर सुरू झाला. काय सुरेख कूलर! पंख्याचं पातं न् पातं वेगळं ऐकू येत होतं. वाळ्यावरून पाणी ठिबकत होतं, ते थेंब मोजून घ्यावेत.

"आई कुठी आहे?" ताईने विचारलं.

"येते, येते. मांगं आहे जराशी."

आई आलीच नाही. विहिरीच्या तळातून कुणीतरी पुटपुटावं तसं काहीतरी दोनदा झालं, आणि पुन्हा कूलर. मी ज्याला कूलर समजलो, तो दोन ओळींच्या मधे सूर धरून बसलेल्या आईचा आवाज होता! सॉफ्टवेअरने बिचाऱ्याने इमानदारीत आईला वेचून बाहेर काढलं होतं.

"कूलर मात्र भल्ला जमला," भाऊजी म्हणाले. "माहा तर घामच सुकला!"

ताई हसली नाही. तिचे डोळे भरून आले. "सुध्या, आई पुसून टाकली काहून गा तू?"

मी पडद्यावरची झाडून सगळी बटणं दाबली. एकाने आवाज जाड झाला, एकाने उलटा झाला, आई काही परत आली नाही. आपण पोरके झाल्याचं त्या दिवशी मला आयुष्यात दुसऱ्यांदा कळलं, आणि या खेपेला ते माझ्याच हातून झालं होतं.

तेवढ्यात संगीताने आपला मोबाईल स्पीकरला लावला. आधी घरघर, आणि त्या घरघरीतून आई, अख्खीच्या अख्खी! "चिमाबाई" आलं तशी ताई तोंडाला पदर लावून रडली. मीही रडलो, पण खिडकीकडे तोंड करून.

"हे तुझ्याकडे कसं?" मी विचारलं.

"ताई सकाळी चपला घालत होत्या, तेव्हाच मागून घेतलं. मिक्सर खोलला होता ना तुम्ही, तेव्हापासून तुमच्या हाती काही द्याचं म्हटलं, की मी आधी दुसरं करून ठेवते."

हळदीला तेच लावलं, खरखरीसकट. मांडवात चार मोठे कूलर धडाडत होते. त्यांच्यापुढे गाण्यातला कूलर कुणाला ऐकू येणार? आई मात्र खणखणीत उठली. बायकांनी तिच्या मागून ओळी धरल्या, नवरीच्या गालाला हळद लागली आणि ताईचं नाव आलं तसं ताईने पोरीला जवळ ओढलं. मग जो तो माझ्याकडे वळला. "वा सुधाकरराव! काय साफ केला आवाज!"

"बटणं बरोबर दाबावी लागतात," मी म्हणालो.

जेवणाच्या पंगतीनंतर भाऊजी खिशातून एक कॅसेट काढत आमच्याकडे आले. त्यांच्या वडिलांचं भजन होतं. मी हात पुढे केला, तर माझा हात बाजूला सारून त्यांनी ती संगीताला दिली.

"वहिनी, साफ नाही कराची," ते म्हणाले. "फक्त याच्यापासून लपवून ठेवा."