शिवलेलं शेवटचं प्रकरण

शनिवार, भास्करचा दहावा. स्थळ शिरूर कासार, नदीचं कोरडं पात्र. हजर: त्याची बायको लताबाई, मुलगा संतोष, बाजारातले दोन शिंपी, त्याच्या वस्तीवरची पाच म्हातारी माणसं आणि मी. गैरहजर: आमच्या गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन. ते येतील असं कुणाला वाटलंही नव्हतं. विधी आटोपल्यावर लताबाई जवळ आल्या. "भाऊजी, बटनाच्या डब्यात तुमच्या समद्या चिठ्ठ्या हायेत. एकच आली न्हाई, म्हणायचे." त्याला आता तीन आठवडे होत आले.

भास्कर शाळेपासूनचा मित्र. शिंपीकाम करायचा आणि बीडच्या रद्दीवाल्याकडून रहस्यकथा आणायचा. त्यातही एक खास जात त्याला आवडे. खून होतो, धागेदोरे मांडले जातात आणि लेखक मध्येच थांबून थेट वाचकाशी बोलतो: सगळं तुझ्यापुढं ठेवलंय, आता तूच सांग. स्वतःचं वाचून झालं की भास्कर शेवटचं प्रकरण मशीनवर कडेनं शिवून टाकायचा आणि पुस्तक मला द्यायचा. सोबत मापाच्या वहीतली कोरी चिठ्ठी. तिच्यावर गुन्हेगाराचं नाव लिहून दिलं, की ब्लेडनं टीप उसवायची. तोवर पान उघडायचं नाही.

मी प्रत्येक वेळी यादी करायचो. कोण कुठं होता, किती वाजता, कुणाला काय मिळणार होतं. तरी बहुतेकदा चुकायचो.

"तुझी यादी लई भारी असती बे," सुई दातात धरून तो म्हणायचा, "पर यादी करणाऱ्याला तू कधीच धरत न्हाईस."

कारण या पुस्तकांत कधीकधी गोष्ट सांगणाराच गुन्हेगार निघायचा. मी चिडायचो. "ही फसवणूक हाय."

"कावून? त्याच्यावर संशय घ्यायचाच न्हवता तुला. एवढंच."

मग तो दुष्काळ आला. वस्तीवरची कर्ती माणसं ऊसतोडीला गेलेली, मागं म्हातारी उरली. त्यांत भास्करची आई. पाण्याचा टँकर सोसायटीचा आणि खेपांचं रजिस्टर सचिव म्हणून माझ्याकडं. वस्तीवर रोज दोन खेपा, असं मी लिहायचो. जायची एक. दुसरी चेअरमनच्या मोसंबीला. "वस्तीवर माणसं तरी किती राहिलीत, सचिव?" ते म्हणाले होते. मी मोजून पाहिलं नाही. लिहिलं.

एका दुपारी दुकानात गेलो, तर भास्करनं मशीन थांबवलं. "वस्तीवरचा हौद दुपारीच तळाला लागतो. बागंच्या वाटंला चिखल हाय, अन् पाऊस तर न्हाई. सांग, कोण?"

"ड्रायव्हर असंल."

त्यानं दातानं दोरा तोडला. मग म्हणाला, "मी अर्ज दिलाय. चौकशीला सायब येतील, तवा एकच खेप जात व्हती, एवढं सांग. दुसरं कायबी बोलू नको."

"बघतो," मी म्हणालो.

साहेब आले. रजिस्टर चाळलं, कुठं खाडाखोड नाही म्हणून माझं कौतुक केलं आणि तक्रार खोटी ठरवली. मी काही बोललो नाही. दाराशी भास्कर उभा होता. "अक्षर चांगलंच हाय त्याचं," तो म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. त्याच उन्हाळ्यात त्याची आई पाण्यासाठी विहिरीत उतरताना पायरीवरून पडली. पुन्हा उठली नाही.

पावसाळ्यात त्यानं संतोषच्या हाती एक पुस्तक पाठवलं. शेवटचं प्रकरण या वेळी तिन्ही बाजूंनी शिवलेलं, दुहेरी दोऱ्यानं. आत कोरी चिठ्ठी. लेखक वाचकाला थांबवतो त्या पानापर्यंत मी दोनदा वाचलं. पुस्तकातला गुन्हेगार कोण, ते मला आजही माहीत नाही. भास्करनं ते विचारलंच नव्हतं.

दहाव्यानंतर कामांची यादी केली. मृत्यूचा दाखला: काढला. दुकानाचं वीजमीटर संतोषच्या नावावर: अर्ज दिला. गिऱ्हाइकांचे अर्धवट कपडे: पोचवले. पुस्तक टेबलावर आहे, टीप तशीच आहे. चिठ्ठी: बाकी.