डाव्या हातातली प्याली

ताश्कंदला येणाऱ्या पर्यटकांना सोव्हिएत काळातल्या इमारती दाखवायचं काम मुकद्दस एकोणीस वर्षं करत होती. फेरीतला सातवा थांबा म्हणजे एका चार मजली इमारतीची बिनखिडकीची भिंत. तिथे लोक हमखास हसत.

भिंतीवर रंगीत तुकड्यांची बाई होती, चहाची प्याली पुढे धरलेली. पण डाव्या हाताने, आणि उजवा छातीवर! ताश्कंदात असा चहा कोणी वैऱ्यालासुद्धा देत नाही. भिंतीचे भाग कारखान्यात बनत; तुकडे पालथे मांडून वर काँक्रीट ओतत, म्हणून चित्र आधी आरशातल्यासारखं उलटं काढून घ्यावं लागे. कारागीर नेमकं तेच विसरला. साहेबांनी त्याला फैलावर घेतलं, पण तोवर भिंत उभी राहिली होती.

तो कारागीर म्हणजे मुकद्दसचे वडील, सोबिरजान. ते चित्र काढलं त्याच सकाळी मुकद्दस जन्मली होती आणि गड्याचे पाय जमिनीवर नव्हते. हे ती पर्यटकांना कधी सांगत नसे. म्हातारा मात्र रोज संध्याकाळी विचारी, "हसले का गं?" हसले म्हटलं की त्याला जेवण गोड लागे. त्याच्या बाकीच्या भिंती केव्हाच पाडल्या होत्या. उरली होती ती हीच.

आज बस थांबली, तर भिंतीवर वरपासून खालपर्यंत राखाडी पत्रे. थंडी आत येऊ नये म्हणून ठोकलेले. मुकद्दसला रडू आलं नाही, रागही आला नाही. आत काही हललंच नाही. नऊ माणसं वर बघत उभी होती. तिने पत्र्यांकडे हात केला आणि पाठ असलेली गोष्ट सांगून टाकली.

घरी म्हातारा तिकडच्या रीतीप्रमाणे चहा मुरावा म्हणून प्यालीत ओतून परत किटलीत घालत होता. तीनदा झाल्यावर त्याने विचारलं, "हसले का गं?"

"हसले, बाबा."

"मला बनवू नकोस. भिंत झाकली म्हणून त्या इमारतीतल्या निगमतचा सकाळीच फोन आला. पत्र्याला कोण हसतंय?"

"नुसती गोष्ट ऐकून हसले. एक बाई तर पोट धरून. मग मी सांगितलं, तो कारागीर माझे बाबा."

"मग?"

"मग गप्प झाले सगळे."

म्हाताऱ्याने प्याली पुढे केली. उजव्या हाताने, डावा छातीवर ठेवून, पाहुण्याला देतात तशी. मुकद्दसने ती घेतली, पण चहाला चव लागेना.

"कशाला सांगितलंस?" तो म्हणाला. "चांगले हसत होते की. उद्या नको सांगूस."