न पाहिलेला किल्ला

जपानमधल्या तोयोसुच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा हा माणूस बाटली, बूच आणि लेबल वेगवेगळ्या डब्यांत टाकतो. खरं-खोटं मात्र बिनदिक्कत एकत्र करतो.

कामासाठी आम्ही दोघं प्रागला गेलो होतो. मोकळा एकच दिवस मिळाला. हा सकाळपासून बिअर ढोसत बसला आणि मी हॉटेलात त्याच्या ओकाऱ्या पुसत राहिलो. तिथला प्रसिद्ध किल्ला दोघांनीही पाहिला नाही.

तरी प्रत्येक पार्टीत तो किल्ल्याचं वर्णन करतो आणि मला विचारतो, "काय रे?" मी "हो" म्हणतो.

कालच्या पार्टीत पुण्याहून आलेल्या नव्या मुलीनं मला विचारलं, "तुम्हीपण पाहिलात?"

"तो कुठला बघतोय," हाच म्हणाला. "पिऊन हॉटेलात पडला होता. काय रे?"

माझ्या डोक्यात तिडीक उठली, पण तोवर तोंडातून सवयीनं "हो" निघून गेलं होतं.