नावं आठ, धावा सहा

शनिवारी सकाळी साडेआठला श्यामच्या घरून फोन आला आणि मी तो घेतला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा. शनिवारी साडेआठचा फोन म्हणजे काय, हे सहा वर्षांत मला पाठ झालं होतं. ‘‘विन्या, काही करत नाहीयेस ना? मग ये गाडी घेऊन.’’ त्यातून तीन आठवड्यांपूर्वी आमचं कडाक्याचं भांडण झालेलं, आणि या खेपेला माघार घ्यायची नाही असं मी ठरवलेलं. म्हटलं, वाजू दे. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा बायकोनं उचलला. पलीकडे नीलावहिनी होत्या. श्याम झोपेतच गेला होता... वहिनी चहासाठी उठवायला गेल्या तेव्हा कळलं. याला आता सात आठवडे झाले. त्याच्याविषयी चार चांगले शब्द लिही, असं इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांनी सांगितलं. लिहितो, पण मला त्याचा राग अजून येतो आहे आणि तो लपवून लिहिणं जमणार नाही.

आम्ही दोघं एकाच वर्षी देश सोडून इथे, कॅरी गावात आलो, एकाच कंपनीत, शेजारशेजारच्या क्यूबिकलमध्ये. मी नागपूरचा आणि तो पुण्याचा, त्यामुळे कुठल्याही गोष्टीवर आमचं एकमत होण्याचा प्रश्न नव्हता. पुण्यात कॉलेजच्या दिवसांत तो क्लबच्या क्रिकेट सामन्यांचा स्कोअरर होता. खेळायला बावीस जण असतात, लिहिणारा एकच, असं तो ज्या थाटात सांगे, त्यावरून सामना यानेच जिंकून दिला असं ऐकणाऱ्याला वाटावं. इथे क्रिकेट नाही म्हटल्यावर त्यानं बेसबॉल धरला. मला त्या खेळातलं आजही ओ की ठो कळत नाही. तो मांडीवर वही घेऊन चेंडू न् चेंडू पेन्सिलीनं टिपायचा आणि मी शेजारी बसून उकडलेल्या शेंगा खायचो. सामना संपला, माणसं घरी गेली, पार्किंग लॉट रिकामा झाला, तरी बेरीज जुळल्याशिवाय हा गाडीत बसायचा नाही. एकदा तर सुरक्षारक्षक येऊन उभा राहिला आणि श्यामनं त्यालाच विचारलं, सातव्या इनिंगमधला तो चेंडू तुम्ही पाहिलात का.

रिटायर झाल्यावर माणसं बागकाम करतात, नातवंडं सांभाळतात. यानं इथून दोन तासांवरच्या एका गिरणीच्या गावाचा ध्यास घेतला. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी त्या गावाची बेसबॉलची टीम होती. खालच्यात खालच्या लीगमधली, पण रीतसर व्यावसायिक. गिरणीत सैन्याच्या तंबूंचं कापड विणलं जात होतं आणि टीममधले धडधाकट गडी दर आठवड्याला एकेक करून सैन्यात जात होते. मागे उरले ते मिसरूड न फुटलेले, चाळिशी उलटलेले आणि चेंडू फेकायला एक ठार बहिरा पिचर. तरी त्यांनी अख्खा सीझन खेळून काढला आणि शेवटून दुसरे आले. त्या सीझनचा एकेक सामना श्यामला आपल्या वहीत नव्यानं उतरवायचा होता. तेव्हाच्या सायंदैनिकाची मायक्रोफिल्म त्या गावच्या लायब्ररीत होती, आणि श्यामला हायवेवर गाडी चालवायची भीती वाटायची. म्हणून मी. कशासाठी रे हे सगळं, असं मी एकदा वैतागून विचारलं. ‘‘जमेल तसं खेळले ते, विन्या. कोणीतरी नीट लिहून ठेवायला नको? आणि तो रेडिओ ऑफ कर, मला डिस्टर्ब होतंय.’’

आणि मग ऑगस्टमधल्या एका सामन्यावर घोडं अडलं. गावानं तो सहा विरुद्ध पाच असा जिंकला होता. पेपरात छापलेल्या तक्त्यात नावं मात्र आठच होती. मैदानात नऊ माणसं लागतात, एवढं मलासुद्धा ठाऊक आहे. आठ जणांच्या धावांची बेरीज पाच, आणि खाली एकूण धावा सहा. म्हणजे जिंकून देणारी धाव कुणाचीच नव्हती. उजव्या मैदानातल्या खेळाडूला आदल्या दिवशीच सैन्याचं बोलावणं आलं होतं, त्याच्या जागी कोण खेळलं याचा पत्ता नाही. छपाईची चूक असेल, सोड, असं मी शंभरदा सांगितलं. लीगच्या जुन्या नोंदीही त्यानं मागवल्या, पण दहापेक्षा कमी सामने खेळलेल्यांची नावं त्यात नव्हतीच. त्या एका सामन्यापायी माझे दीड वर्षाचे शनिवार गेले.

शेवटी लायब्ररीतल्या बाईंनीच आम्हांला मिस ओपलकडे पाठवलं. त्या गावातल्या वृद्धाश्रमात राहतात, वय अठ्ठ्याऐंशी, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली. त्यांचे वडील एल्मर गिरणीत माग चालवायचे. ते एकदा, एकच दिवस, खऱ्या टीमकडून खेळले आणि जिंकून देणारी धाव त्यांनी काढली, असं ओपलबाई लहानपणापासून सांगत आल्या होत्या. त्यांचे भाऊ हसायचे, नवरा हसायचा. वडिलांनी कधी हो म्हटलं नाही, कारण त्या दुपारी त्यांची पाळी होती. युद्धाच्या दिवसांत सैन्याचं कापड मागावर सोडून खेळायला जाणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. पेपरवाल्यानं म्हणूनच नाव गाळलं असणार. ‘‘आईनं तो युनिफॉर्म घरातच, चुलीमागे वाळत घातला होता,’’ ओपलबाई म्हणाल्या, ‘‘मुकादमाला दिसू नये म्हणून. गुडघ्यावर लाल माती होती. मी सहा वर्षांची होते, पण मी पाहिलाय तो.’’ मग त्यांनी श्यामचा हात धरला आणि वडिलांचं नाव वहीत लिहा, मी असेपर्यंत लिहा, एवढंच सांगितलं.

आता यापुढे कोणी काय केलं असतं? नाव लिहिलं असतं. आमचा हा पठ्ठ्या परतताना गाडीत वहीच चाळत बसला. दहा मैलांनंतर म्हणतो, ‘‘पुरावा नाही.’’

मी कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला, कारण हात स्टिअरिंगवर होते. ‘‘यार, ती बाई सांगतेय ना. वहीत जागा रिकामी आहे. लिहून टाक आणि मोकळा हो.’’

‘‘युनिफॉर्म वाळत घातला म्हणजे खेळला असं होत नाही. भोक आहे हे प्रूव्ह झालं, विन्या. त्यात कोण बसतो ते नाही.’’

तेव्हा मात्र माझा बांध फुटला. तुला माणसांपेक्षा बेरजा प्रिय आहेत, म्हणालो. तू स्कोअरर नाहीस, कारकून आहेस, म्हणालो. यापुढे तुला कुठेही नेणार नाही, हेही म्हणालो. त्यानं वही मिटली. घरापाशी उतरताना ‘‘थँक्स’’ म्हणाला, आणि ते मी ऐकलेलं त्याचं शेवटचं बोलणं ठरलं.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी ती वही माझ्या हातात ठेवली. ‘‘तुम्हीच न्या. मला त्यातलं काही कळत नाही, आणि मुलीला मराठी वाचता येत नाही.’’ मी घरी येऊन ऑगस्टचं पान काढलं. आठ नावं, नववी ओळ रिकामी, तिच्यापुढे धाव एक. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हजेरीपट?’ मी ठरवलं, गेला आता हा. आता माझं ऐकायचं. वही घेतली, पेन्सिल घेतली आणि सरळ ओपलबाईंकडे गेलो, त्यांच्यासमोर नाव लिहायला.

नाव अजून का लिहिलं नाही, ते ओपलबाईंना आधीच ठाऊक होतं. आमच्या भांडणानंतरच्या आठवड्यात श्याम तिथे जाऊन आला होता. एकटा, स्वतः गाडी चालवून. पोचल्यावर ओपलबाईंनी त्याला आधी आइस्ड टी पाजला. वहिनींना त्यानं लायब्ररीत जातो एवढंच सांगितलं असणार, कोणती लायब्ररी ते नाही. त्यानं ओपलबाईंना ही रिकामी ओळ दाखवली आणि म्हणाला, इथे एक माणूस नक्की खेळला, ते तुमचे वडील होते असं मला वाटतं, पण मला वाटतं म्हणून लिहिता येत नाही. मी चिडलो. त्यांना म्हटलं, त्याचं सोडा, मी लिहितो, आत्ता. त्यांनी पानावर हात ठेवला. ‘‘ऐंशी वर्षं सगळे मला सांगत आले की तिथे काहीच नव्हतं. या माणसानं जागा तरी धरून ठेवली. आधी शोध, बाळा, मग लिही. पण जरा लवकर शोध.’’

म्हणजे तो गेल्यावरही माझे शनिवार गेलेच. गिरणी बंद पडली तेव्हा तिची कागदपत्रं त्याच लायब्ररीच्या तळघरात येऊन पडली होती, कुठलाही क्रम नसलेली खोकी. पाच शनिवार मी धूळ खाल्ली आणि दर खोक्यागणिक श्यामला शिव्या घातल्या. मागच्या शनिवारी विणखात्याचा हजेरीपट सापडला. त्या तारखेला दुपारच्या पाळीत गैरहजर माणूस एक. एल्मर.

नाव लिहायला मी वही श्यामच्या खोलीत घेऊन गेलो. वहिनींनी टेबल अजून आवरलेलं नाही. त्याच्या खुर्चीत बसून मी ओपलबाईंना फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि लिहिता लिहिता वाचून दाखवलं. एल्मर, उजवं मैदान, धाव एक.  मग त्यांनी परत वाचायला सांगितलं. मी परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदाही वाचायला लावलं आणि थँक यू म्हणून फोन ठेवला.

मी तसाच बसून राहिलो. गैरहजर होता म्हणजे खेळला असं होत नाही, असं आता कोणीतरी म्हणायला हवं होतं. माझं उत्तर तयार होतं, चांगलं खणखणीत, पाच आठवडे घोकलेलं. मी वाट पाहिली... वही उघडी होती, पेन्सिल हातात होती, आणि खोलीत कोणी हरकत घेतली नाही. श्याम गेला, हे मला तेव्हा कळलं.