रुमाल सोडला, साल गेले

अन्याय झाला तो धर्मा भोईरावर. गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, ठाण्याच्या आमच्या कचेरीत. कल्याणच्या खाडीकाठी त्याच्या आज्याने बांध घालून खारजमीन लागवडीस आणली. मग शेजारचा खोत ती आपली म्हणू लागला. खोताच्या सनदेवर साल आहे. धर्माच्या आज्यास सरकारने दिलेला कौल, म्हणजे लागवडीचा करारनामा, त्याआधीचा ठरला तर शेत राहणार होते, नाहीतर जाणार.

मी दप्तरखान्यात कारकून. आमच्याकडे जुने मोडी कागद कापडात बांधून ठेवतात. त्या गाठोड्यास रुमाल म्हणतात. पुष्कळ कागदांवर महिना-तिथी असते, साल नसते. साल कळते ते वरच्या-खालच्या कागदांवरून. म्हणून कागद जसे निघाले तसेच परत बांधायचे. आमच्या कामातली मुख्य गोष्ट हीच.

विनायकास हे ठाऊक नव्हते असे नाही. आम्ही एकाच बाकावर मोडी शिकलो. अक्षर माझे चांगले. पण तो दप्तरदारांचा जावई. कल्याणचा इतिहास लिहावा म्हणून हेच रुमाल आधी मी मागितले होते.

"नोकरी करा, ग्रंथकार होऊ नका," दप्तरदार म्हणाले.

जावयास मात्र त्याच इतिहासासाठी रुमाल, टेबल, खुर्ची, पंखा ओढायला शिपाई! मी जळलो. अजून जळतो. लपवायचे काय? ते पुस्तक माझे व्हायचे होते.

विनायकाने किल्ल्यांचे कागद एकीकडे, देवळांचे दुसरीकडे, शेतीचे तिसरीकडे, असे सारे रुमाल मोडून नवे बांधले.

"अरे, आधीचा क्रम तरी टिपलास का?" मी विचारले.

"तू कारकूनच राहणार रे! वाचकाला विषय हवा, तुझ्या गाठी नकोत."

त्या दुपारी धर्माचा कौल मीच शोधून काढला. भाद्रपद शुद्ध दशमी. साल नाही. वर-खाली भलत्याच गावांचे कागद.

"कागुद सापरला ना भाऊ? मंग साल सांगा की," धर्मा म्हणाला.

मी विनायकाकडे पाहिले. तो पान लावत होता. "लिही अंदाजाने," म्हणाला.

मामलेदारांपुढे अंदाज चालला नाही. शेत खोताकडे गेले. पुस्तक मात्र छापून निघाले. त्यात तो कौल आहे, 'जुन्या लेखनाचा सुंदर नमुना' म्हणून. खाली लिहिले आहे: साल अज्ञात.

वाचकहो, हे पुस्तक हाती आले तर ग्रंथकारास एकच विचारा: हा कागद कोणत्या रुमालातून, कोणत्या कागदाखालून काढलात? सांगता आले नाही तर पुस्तक परत करा. आणि तुमच्या घरचा रुमाल कोणा विद्वानापुढे सोडण्याआधी प्रत्येक कागदाच्या पाठीवर आकडा घाला. आजच घाला.