सातवीच्या फळ्यावरची मतदार यादी

सुलभाताई गेल्याचा फोन त्यांच्या भावजयीने केला, तेव्हा मी भेंडी चिरत होते. "ताई गेल्या... झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली भेंडी चिरून फोडणीला टाकली. तापीच्या घाटावर लोक रडत होते आणि मी कुणाला पाणी हवंय का, हे विचारत फिरत होते. किती धीराची बाई, असं कुणीतरी म्हणालं. धीर कसला, मला काही जाणवतच नव्हतं. पुढचे कित्येक दिवस तसेच गेले.

बऱ्हाणपूरच्या मिडल स्कूलमध्ये आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं शिकवलं. त्यांचा इतिहास आणि नागरिकशास्त्र, माझं गणित. बादशहाची बेगम आमच्या गावात वारली, हे इथल्या प्रत्येक पोराला पाठ असतं. त्यामुळे गावाचा इतिहास विचारल्यावर तेच उत्तर आलं की सुलभाताई वैतागायच्या. "ते राहू दे. तिचे कपडे धुणाऱ्यांची घरं कुठे असतील, ते सांग," म्हणायच्या, आणि पोरं अंदाज बांधायला लागली की त्यांना भारी मजा वाटायची. बाई फटकळ. माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता उचलायच्या आणि मी बोलले की "मूलभूत अधिकार आहे माझा," म्हणून आणखी एक फोड घ्यायच्या. मतदार यादीचं सरकारी काम आम्ही बाकीचे कपाळाला आठ्या घालून करायचो. त्या मात्र घरोघर फिरून आल्या की वर्गात त्याच गोष्टी रंगवून सांगायच्या.

सातवीचा मॉनिटर सुलभाताई निवडणुकीने ठरवायच्या. पहिल्या वर्षी हात वर करून मतं घेतली, तर निंबोला गावच्या मोठ्या केळी-बागायतदाराच्या पोराकडे बघत बघत सगळा वर्ग हात वर करत गेला. तो पोरगाच ओशाळला. पुढच्या वर्षापासून चिठ्ठ्या आणि स्टीलचा डबा आला. यंदा अर्ज भरून झाले, प्रचारही झाला, मतदान तेवढं राहिलं... आणि त्या गेल्या.

त्यांचा तास माझ्याकडे आला. हेडसर म्हणाले, "आता कशाला ते? कुणाचं तरी नाव जाहीर करा, विषय संपवा." मलाही तेच सोपं वाटलं. वर्गात गेले तर आरती उभी. खकनारहून येणारी ही मुलगी वर्गाची निवडणूक अधिकारी होती.

"मॅडम, वोटिंग तर करावीच लागेल ना," ती म्हणाली. "मोठ्या मॅडम सांगत होत्या, एकदा सुरू झाली की मधातच बंद नाही करता येत. कोणी भी सांगितलं तरी."

हेडसरांचा निरोप माझ्या ओठांवर आला होता. तो मी गिळला आणि "घ्या मतदान," म्हटलं.

तिने फळ्यावर मतदार यादी लिहायला घेतली. वर्गावरच्या बाईंनाही एक मत, असा सुलभाताईंचा नियम, म्हणून शेवटचं नाव त्यांचंच आलं. सवयीने लिहून गेली असेल. लिहून झाल्यावर खडू हातात धरून ती तशीच उभी राहिली. मग वर्गाकडे वळली.

"हे नाव काढावं लागेल. कोणाला आक्षेप आहे का?"

माझा हात वर गेला. मी काही ठरवलं नव्हतं.

"मॅडम... कारण सांगावं लागतं."

काय कारण सांगणार? आरतीने बराच वेळ वाट बघितली.

"कारण नाही, तर आक्षेप खारीज," ती हळूच म्हणाली आणि तळहाताने ते नाव पुसलं. मग हात स्कर्टला न पुसता तिने त्या जागी माझं नाव लिहिलं.

सुलभाताईंनी जे शिकवलं ते पोरीला नीट आलं होतं. मी मागच्या बाकावर जाऊन बसले आणि रडले, अगदी हुंदके देऊन रडले. आरती एकेक नाव पुकारत होती. माझं आलं तेव्हा तिने ते पुन्हा एकदा, जरा मोठ्याने पुकारलं, आणि मी उठून मत द्यायला गेले.